एक पत्र, दोन निवाडे

युरोपातील स्पर्धा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'हॉफमन-ला रोश' हे नाव फार लवकर भेटते. बाजारपेठेवर एखाद्या कंपनीचे वर्चस्व आहे असे केव्हा म्हणायचे, या प्रश्नाच्या उत्तराला युरोपीय न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९७९ च्या निवाड्यात पक्के रूप दिले आणि ते आजही उद्धृत होते. त्याच विद्यार्थ्याला पुढे, बहुधा दुसऱ्याच ग्रंथात, 'ॲडम्स विरुद्ध आयोग' हा ७ नोव्हेंबर १९८५ चा निवाडा भेटतो. सार्वजनिक संस्थेच्या चुकीमुळे एखाद्या व्यक्तीचे नुकसान झाले तर भरपाई किती द्यायची, हा त्याचा विषय. दोन निवाडे, दोन प्रकरणे, दोन परीक्षा. दोन्हींच्या मुळाशी एकाच माणसाने लिहिलेले एकच पत्र आहे, हे मात्र प्रकरणांच्या या मांडणीत सहज निसटून जाते. साहित्याच्या अभ्यासकांनी ही गोष्ट वाचावी असे मला वाटते ते यासाठी की, संहितेची विभागणी कशी केली यावर तिचा अर्थ किती बदलतो, याचा एवढा बोलका दाखला कथात्म वाङ्मयातही विरळा.

पत्राची तारीख २५ फेब्रुवारी १९७३. लिहिणारा स्टॅनली ॲडम्स, जन्माने माल्टाचा, बाझलच्या हॉफमन-ला रोश या कंपनीत घाऊक जीवनसत्त्वांच्या विभागातील वरिष्ठ अधिकारी. पत्र गेले ब्रुसेल्सला, युरोपीय आयोगाचे स्पर्धा विषयाचे आयुक्त आल्बेर बोर्शेट यांच्या नावे. आपली कंपनी मोठ्या ग्राहकांना कोणत्या करारांनी बांधून ठेवते याची माहिती त्यात होती. आणखी कागदपत्रे देण्याची तयारी होती. आपण लवकरच नोकरी सोडणार आहोत हेही लिहिलेले होते. अट एकच होती. आपले नाव या प्रकरणात येऊ नये.

पत्र लिहिण्याची वेळही समजून घ्यायला हवी. स्वित्झर्लंड युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य नव्हता, आजही नाही. परंतु १९७२ मध्ये दोघांत मुक्त व्यापाराचा करार झाला आणि तो १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला. स्पर्धेला मारक ठरणारे व्यवहार या कराराच्या उद्देशाशी विसंगत आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ॲडम्सने हा मजकूर वाचला आणि तो मनापासून खरा मानला. स्विस न्यायालयांनी पुढे सांगितले की त्या कराराने कोणाही नागरिकाला अशी माहिती परकीय अधिकाऱ्याच्या हाती देण्याची मुभा दिलेली नाही.

आता रोशचे करार. जीवनसत्त्व 'क' प्रयोगशाळेत बनवण्याची ताडेउस राइखस्टाइन यांची १९३३ ची पद्धत या कंपनीने व्यवहारात आणली आणि तेव्हापासून जीवनसत्त्वे आणि रोश हे जवळजवळ समानार्थी शब्द झाले. १९७० च्या दशकात 'अ' जीवनसत्त्वाच्या समुदायातील बाजारपेठेचा जवळपास निम्मा भाग तिच्याकडे होता. 'एच', म्हणजे बायोटिनच्या बाबतीत तर प्रतिस्पर्धी शोधावाच लागे. मोठेपणा हा गुन्हा नव्हे, हे न्यायालयानेही मान्य केले. गुन्हा होता तो मोठेपण टिकवण्याच्या रीतीत. पशुखाद्य, औषधे, खाद्यपदार्थ बनवणाऱ्या बावीस मोठ्या ग्राहकांशी रोशने असे करार केले होते की त्यांनी आपली सगळी किंवा बहुतांश गरज रोशकडूनच भागवावी. तसे केल्यास वर्षअखेर सूट मिळेल. सूट बहुतेक ठिकाणी फार मोठी नव्हती, एक ते पाच टक्के. मेख दुसरीकडेच होती. सूट सर्व जीवनसत्त्वांच्या एकत्रित खरेदीवर मिळे. म्हणजे एखाद्या ग्राहकाने केवळ 'ई' जीवनसत्त्व दुसऱ्याकडून स्वस्तात घेतले, तर 'अ', 'क' आणि 'ब-२' वरची सूटही धोक्यात. एकच जिन्नस बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराने भाव कितीही पाडला तरी त्याला ही भिंत ओलांडता येत नव्हती.

याहून नामी होते ते 'इंग्लिश कलम'. ग्राहकाला कोणी रोशपेक्षा कमी भाव देऊ केला तर ग्राहकाने तो रोशला कळवायचा. रोशने तेवढाच भाव दिला नाही, तरच दुसरीकडून माल घेण्याची मोकळीक. वरवर पाहता ही ग्राहकाच्या हिताची तरतूद, आणि कंपनीने न्यायालयात तसेच सांगितले. प्रत्यक्षात प्रत्येक ग्राहक रोशचा बिनपगारी हेर झाला होता. कोण, कुठे, किती भावाने विकतो आहे, याची खबर बाझलला बसल्या जागी पोचत होती. बातमी पुरवणाऱ्यांच्या या जाळ्याला कंपनी 'निष्ठा' म्हणत होती, आणि त्या जाळ्याची बातमी बाहेर देणाऱ्याला लवकरच 'हेर' म्हटले जाणार होते. शब्दांची ही अदलाबदल मुद्दाम कोणी रचलेली नाही. कागदपत्रांतच ती आहे.

आयोगाकडे अधिकार होते ते १९६२ च्या नियमावलीचे. कंपनीच्या कार्यालयात जाऊन दफ्तर तपासता येई, प्रती काढता येत, दंड ठोठावता येई. पण हे सगळे समुदायाच्या हद्दीत. बाझलच्या मुख्य कार्यालयाचा दरवाजा आयोगाला बंद होता. म्हणून ऑक्टोबर १९७४ मध्ये तपास झाला तो पॅरिस आणि ब्रुसेल्स येथील रोशच्या उपकंपन्यांत. तोवर ॲडम्सने नोकरी सोडून एक वर्ष झाले होते. रोमच्या दक्षिणेकडील लातिना येथे वराहपालनाचा व्यवसाय उभारण्याच्या खटपटीत तो होता.

या तपासाच्या वेळी आयोगाच्या अधिकाऱ्यांनी ॲडम्सकडून मिळालेल्या काही कागदांच्या प्रती रोशच्या माणसांच्या हाती दिल्या. नावे, खुणा काढून टाकल्या होत्या. निदान तशी त्यांची समजूत होती. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. लेखकाचे नाव खोडले म्हणून लेखक पुसला जात नाही. कोणती प्रत कोणाकडे होती, कोणता कागद किती टेबलांवर गेला होता, हे ज्याच्या घरात तो कागद जन्मला त्याला बरोबर ठाऊक असते. ब्रुसेल्सच्या अधिकाऱ्याला जो मजकूर निनावी वाटला, तो बाझलमध्ये सहीसारखा वाचला गेला.

नोव्हेंबर १९७४ मध्ये रोशचे वकील आयोगाच्या अधिकाऱ्यांना भेटले. माहिती फोडणाऱ्यावर स्विस दंडसंहितेच्या कलम २७३ खाली फिर्याद करण्याचा विचार कंपनी करू शकते, हे त्या बैठकीत बोलले गेले. कलम २७३ आर्थिक हेरगिरीचे. व्यापारी गुपित परकीय शासनाच्या किंवा संस्थेच्या हाती देणे हा त्याखाली देशाविरुद्धचा गुन्हा. आयोगाच्या अधिकाऱ्यांना म्हणजे हे कळले होते. इटलीत बसलेल्या माणसाला ते कळवणे एवढेच उरले होते. ते त्यांनी केले नाही. त्याचा पत्ता शोधण्याचा प्रयत्नही आयोगाने केला नव्हता, असे अकरा वर्षांनी न्यायालयाने नोंदवले.

३१ डिसेंबर १९७४ रोजी ॲडम्स कुटुंबासह स्वित्झर्लंडच्या सीमेवर पोचला आणि पकडला गेला. त्याला एकांतात ठेवण्यात आले. त्याच्या पत्नीचीही चौकशी झाली. नवऱ्याला वीस वर्षांची शिक्षा होऊ शकते असे तिला सांगण्यात आले, असे ॲडम्सने पुढे लिहिले आहे. १० जानेवारी १९७५ रोजी तिने आत्महत्या केली. मागे तीन लहान मुली. अंत्यविधीला जाण्याची परवानगी त्याला मिळाली नाही. मार्चमध्ये तो जामिनावर सुटला. जामिनाची रक्कम आयोगाने भरली. १ जुलै १९७६ रोजी बाझलच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवून एक वर्षाची, स्थगित ठेवलेली, शिक्षा सुनावली. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती कायम केली.

त्याआधी तीनच आठवडे, ९ जून १९७६ रोजी, आयोगाने रोशला दंड केला होता: ३,००,००० हिशेबी एकके, म्हणजे सुमारे अकरा लाख जर्मन मार्क. कंपनी न्यायालयात गेली. १९७९ मध्ये न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्यत्वे उचलून धरला. सात जीवनसत्त्वांपैकी एकाच्या बाबतीत वर्चस्व सिद्ध झाले नाही असे म्हटले आणि दंड २,००,००० एककांवर आणला. या निवाड्याने निष्ठा-सवलतींची जी चिकित्सा केली ती खरोखरच मोलाची आहे. ती वाचताना एका आर्थिक भाषेचे व्याकरण उलगडते आहे असे वाटते. आणि तरीही निवाड्याच्या गाजलेल्या परिच्छेदांत जो मुख्य साक्षीदार, तो कुठेच नाही. कायद्याला आपला पुरावा कोठून आला हे आठवण्याची गरज नसते.

दुसरा निवाडा त्याहून अस्वस्थ करणारा आहे. ॲडम्सने १९८३ मध्ये आयोगाविरुद्ध दावा लावला. आयोगाने अनेक बचाव केले. एक मुदतीचा होता: घटना १९७४-७५ च्या, पाच वर्षांची मुदत कधीच उलटली. न्यायालयाने तो फेटाळला, कारण आपली ओळख नेमकी कशी फुटली हे ॲडम्सला तेव्हा माहीतच नव्हते. गोपनीयतेचे बंधन तो नोकरी सोडून गेल्यावरही आयोगावर होते, हेही न्यायालयाने ठामपणे सांगितले. कागद देण्यात आणि विशेषतः सावध न करण्यात आयोग चुकला, हेही. आणि मग न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला. या कागदांवरून आपण ओळखले जाऊ शकतो हे ॲडम्सने आयोगाला सांगितले नाही. आपला नेमका ठावठिकाणा कळवला नाही. आणि धोका असताना स्वित्झर्लंडला गेला. म्हणून नुकसानीच्या अर्ध्याचा धनी तो स्वतः.

कायद्याच्या दृष्टीने या वाटणीचे समर्थन करता येईल. मला ते करवत नाही. ज्या जोखमीची बातमी एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, त्या जोखमीत दोघे समान भागीदार कसे? आपण सीमेवर पकडले जाऊ याची कल्पना त्याला असायला हवी होती, असे म्हणणे म्हणजे ज्या संस्थेवर त्याने विश्वास ठेवला तिच्यावर तो ठेवायला नको होता, असे म्हणणे. त्याच वर्षी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ॲडम्सला आपला रेक्टर निवडले, हा त्यातला एक छोटा उतारा.

ॲडम्सचे 'रोश व्हर्सेस ॲडम्स' हे पुस्तक १९८४ मध्ये निघाले. अशा पुस्तकाच्या संदर्भात आपल्याकडे लगेच इब्सेनचे 'एनिमी ऑफ द पीपल' हे १८८२ चे नाटक आठवते, किंवा त्यावरून सत्यजित राय यांनी केलेला 'गणशत्रू'. तुलना मला पटत नाही. इब्सेनच्या डॉक्टरला आपले म्हणणे गावासमोर, उजेडात, स्वतःच्या नावाने मांडायचे आहे; त्याची शोकांतिका सार्वजनिक आहे. ॲडम्सला नाव नकोच होते. त्याला लढायचे नव्हते, कळवायचे होते. हल्ली मराठीत अशा माणसाला 'जागल्या' म्हणण्याची रीत पडली आहे. शब्द सुरेख आहे, पण जरा फसवा. गावगाड्यातला जागल्या गावाने नेमलेला असे. रात्री त्याने हाळी दिली तर गाव उठे, आणि त्याच्या जागरणाचा मोबदलाही गावाकडेच असे. ज्याच्या घरात राहतो त्याच घराची खबर जो परक्या गावाला देतो, त्याच्यासाठी आपल्या भाषेत जुने शब्द वेगळे आहेत: घरभेद्या, फितूर. बाझलने ॲडम्सकडे पाहिले ते याच शब्दांतून. दोन शब्दांमधले हे अंतर कायद्याने भरून काढायचे असते. १९७४ मध्ये युरोपात तसा कायदा नव्हता.

असो. त्या जीवनसत्त्वांचे पुढे काय झाले, ते पाहू.

२१ नोव्हेंबर २००१ रोजी युरोपीय आयोगाने जीवनसत्त्वे बनवणाऱ्या आठ कंपन्यांना एकूण ८५.५२२ कोटी युरोंचा दंड केला. त्यातले ४६.२ कोटी एकट्या रोशचे. सप्टेंबर १९८९ ते फेब्रुवारी १९९९ या काळात या कंपन्यांनी भाव ठरवले होते, बाजारपेठ वाटून घेतली होती, कोणी किती टन विकायचे याचे वार्षिक 'बजेट' बनवले होते आणि नियमित बैठकांत त्याचा हिशेब तपासला होता. या साऱ्यामागे पुढाकार रोशचा होता, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अ, ई, ब-२, क: ॲडम्सच्या वेळची नावे पुन्हा हजर. पंचवीस वर्षांत फरक पडला तो एवढाच की पूर्वी रोश प्रतिस्पर्ध्यांना बाहेर ठेवत होती, आता त्यांना टेबलाभोवती बसवत होती.

दहा वर्षे हे चालले आणि युरोपात कोणाला सुगावा लागला नाही. 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर कट मोडला तो कायद्याने नव्हेच. चिनी उत्पादकांच्या स्वस्त मालापुढे तो टिकला नाही. कटाच्या अखेरच्या वर्षी, १९९५ मध्ये, युरोपातली 'क'ची विक्री २५ कोटी युरोंची होती. १९९८ मध्ये ती १२ कोटींवर आली. भाव मुळात किती फुगवलेले होते याची कल्पना या दोन आकड्यांवरून यावी. बाकीचे प्रकरण उघडकीस आले ते अमेरिकेच्या बाजूने. मे १९९९ मध्ये रोशने तिथे गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. अमेरिकेत कंपनीचे वरिष्ठ अधिकारी काही महिन्यांसाठी तुरुंगातही गेले. युरोपीय आयोगाला माणसांना शिक्षा करण्याचा अधिकारच नाही. तो फक्त कंपन्यांना दंड करतो. दंड शेवटी भागधारकांच्या नाहीतर ग्राहकांच्या खिशातून जातो, आणि बैठकीत बसलेला माणूस पुढच्या बैठकीला मोकळा असतो.

एक कंपनी मात्र बऱ्याच अंशी सुटली. फ्रान्सची रोन-पुलांक, जी तोवर आव्हेंटिस झाली होती, तिने सर्वांआधी माहिती दिली आणि 'अ' व 'ई' जीवनसत्त्वांच्या कटाबद्दलचा तिचा दंड आयोगाने पूर्ण माफ केला. आपल्या फौजदारी परिभाषेतला 'माफीचा साक्षीदार' हा शब्द इथे चपखल बसतो. आयोगाने ही योजना १९९६ मध्ये आणली, २००२ आणि २००६ मध्ये अधिक उदार केली, आणि आज युरोपातले पुष्कळसे कट उघड होतात ते त्यातल्याच एखाद्या कंपनीने कबुली दिल्यामुळे. योजना उपयोगी आहे यात शंका नाही. तरी दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. आतली माहिती देणाऱ्या गुन्हेगार कंपनीला काय द्यायचे हे युरोपने १९९६ मध्ये ठरवले. आतली माहिती देणाऱ्या निरपराध नोकराला काय द्यायचे, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरितच राहिला.

आणखीही फटी होत्या. २००१ च्याच निर्णयात लोंझा, सुमितोमो, तानाबे यांच्यासह पाच कंपन्यांचा सहभाग नोंदवलेला आहे, पण त्यांचे व्यवहार पाच वर्षांपूर्वीच थांबलेले असल्याने त्यांना दंड करता आला नाही. मुदतीचा जो बचाव आयोगाने ॲडम्सविरुद्ध घेतला आणि जो टिकला नाही, तोच इथे कंपन्यांना तारून गेला. वसूल झालेला दंड समुदायाच्या अंदाजपत्रकात जमा होतो. ज्यांनी दहा वर्षे चढ्या भावाने माल घेतला त्यांच्या हाती त्यातले काही पडत नाही. त्यांनी स्वतंत्र दावे लावायचे. डेव्हनिश या पशुखाद्य क्षेत्रातील कंपनीने इंग्लंडमध्ये असा दावा लावला, तेव्हा २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की कट करणाऱ्यांचा नफा मागता येणार नाही, फक्त स्वतःचे सिद्ध झालेले नुकसान मागता येईल. आणि वाढीव भाव तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकावर ढकलला असेल तर ते नुकसान तरी तुमचे कसे? साखळीच्या शेवटी असलेला शेतकरी, त्याच्यापुढचा अंडी विकत घेणारा माणूस, यांच्यापर्यंत हा हिशेब पोचतच नाही. २०१४ च्या निर्देशाने भरपाईची वाट काहीशी रुंद केली. त्याच निर्देशाने माफी मागणाऱ्या कंपनीचे कबुलीजबाब दावेदारांना पाहता येणार नाहीत, असेही ठरवले. माफीच्या साक्षीदाराची गोपनीयता एवढ्या कडेकोट बंदोबस्तात ठेवलेली पाहून ॲडम्सच्या त्या एका अटीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

मार्च २०१७ मध्ये आयोगाने व्यक्तींसाठी निनावी संदेशव्यवस्था सुरू केली. नाव न देता लिहिता येते, आयोगाला उलट प्रश्न विचारता येतात, आणि मधल्या सांकेतिक यंत्रणेमुळे लिहिणारा कोण हे कळत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गैरव्यवहार कळवणाऱ्यांच्या संरक्षणाचा निर्देश संमत झाला. स्पर्धा कायद्याचा भंग कळवणाऱ्यालाही तो लागू आहे, आणि सदस्य देशांना तो १७ डिसेंबर २०२१ पर्यंत आपापल्या कायद्यांत आणायचा होता. पुष्कळ देशांनी ती तारीख चुकवली.

स्वित्झर्लंडने अशाच संरक्षणाचे एक विधेयक अनेक वर्षे चर्चेत ठेवले आणि मार्च २०२० मध्ये तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ते दुसऱ्यांदा फेटाळले. रोशने आपला जीवनसत्त्वांचा व्यवसाय २००३ मध्ये डीएसएम या डच कंपनीला विकून टाकला. कलम २७३ स्विस दंडसंहितेत आजही आहे.